आत्याच्या आवाजाचे संमतिपत्र

"आवाज जाईल, माणूस राहील," असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्यांचा सूर एखाद्या गवंड्याने 'ही खिडकी बुजवावी लागेल' असे सांगावे तसा होता. घशाची शस्त्रक्रिया बारा दिवसांनी, मंगळवारी सकाळी ठरली. आत्याने मान डोलावली, रुमालाने चष्मा पुसला, आणि दवाखान्याच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर थांबून ती मला म्हणाली, "अरे, ते पुलाचं तुला सांगायचं राहिलंय. आता ह्या बारा दिवसांत सांगून टाकते."

हे 'पुलाचं' म्हणजे काय, ते सांगायला हवे. आत्या एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नदीवरचा जुना पूल ज्या दिवशी कोसळला त्या दिवशी ती बोर्डावर होती. सकाळी बसली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. एवढे साऱ्या नात्यागोत्याला ठाऊक होते. पण एकदा, मी तापाने पडलेला असताना माझ्या कपाळावर ओली घडी ठेवता ठेवता ती बोलून गेली होती, "त्या दिवशी एक कॉल मी मुद्दाम जोडला नाही." कोणाचा, कोणाला, कशासाठी, हे मी विचारले तेव्हा तिने घडी उलटी केली आणि म्हणाली, "सांगेन कधीतरी. निवांत सांगायची गोष्ट आहे ती." त्याला सोळा वर्षे झाली. आम्ही दोघे एकाच घरात राहतो. आमचे घर इतके निवांत आहे, की नळ ठिबकला तर पाहुणा आल्यासारखे वाटते. तरीही ती गोष्ट मागे पडत गेली.

कोणत्याही शहाण्या माणसाने त्याच क्षणी त्याच पायरीवर बसकण मारली असती आणि 'सांग' म्हटले असते. पायरी स्वच्छ होती. वर्दळ नव्हती. आत्याचा आवाज घोगरा झालेला असला, तरी शब्द कळत होते. परंतु मी नुकतेच मौखिक इतिहासाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतले होते, आणि शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलेला माणूस जिन्यात काही ऐकत नाही.

"आत्या, थांब," मी म्हणालो. "असं नको. रीतसर घेऊ."

"रीतसर म्हणजे?"

"म्हणजे नोंदवून. यंत्रावर. कायमचं."

"बरं बाबा, तुझ्या सवडीनं," ती म्हणाली आणि उरलेल्या पायऱ्या उतरली. माझ्यापाशी सवड नेहमीच ढिगाने असते. त्या जिन्यापासून मात्र ती वाळूसारखी हातातून सुटत गेली.

मी सार्वजनिक ग्रंथालयात सूचीकार आहे. येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड लिहायचे आणि ते योग्य खणात ठेवायचे, एवढेच माझे काम. ते मी पत्करले, कारण पुस्तके उलटून प्रश्न विचारीत नाहीत. स्वभावाने मी इतका भिडस्त आहे, की दुकानदार 'संपलं' म्हणाला तर मीच त्याची क्षमा मागून बाहेर पडतो. बोलायचे वाक्य मनात तीन वेळा घडवून, घासूनपुसून तयार होईपर्यंत समोरची माणसे विषय बदलून जेवायला बसलेली असतात. अशा माणसाला ग्रंथालयाने मौखिक इतिहासाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवले, कारण बाकी सर्वांनी नाही म्हटले होते आणि मला नाही म्हणता आले नव्हते.

कार्यशाळेच्या प्रशिक्षिका बाई फार तेजस्वी होत्या. "इतिहास कागदावर असतो असं तुम्हाला वाटतं," त्या म्हणाल्या. "तो तुमच्या गल्लीतल्या घड्याळजीच्या घशात असतो. तो बाहेर काढायचा, आणि काढताना मध्ये यायचं नाही." पुढे त्यांनी नियम सांगितले. संमतिपत्राशिवाय एक शब्दही नोंदवू नये. साक्ष देणाऱ्याला 'निवेदक' म्हणावे. आणि मुख्य नियम असा: "मुलाखतकाराचा आवाज म्हणजे साक्षीवर पडलेला डाग. 'अरे वा' नको, 'मग काय झालं' नको, 'हं' सुद्धा नको. फक्त मान हलवा. मान यंत्रात उमटत नाही."

माझ्या आयुष्यात त्या क्षणी जे घडले त्याचे वर्णन करणे कठीण आहे. ज्या एका दोषापायी मी शाळेपासून सर्वांच्या थट्टेचा विषय झालो होतो, त्याला कोणीतरी प्रथमच विद्या म्हणत होते. सरावाच्या मुलाखतीत मी पन्नास मिनिटे अवाक्षर न काढता नुसती मान हलवली. बाकीचे उमेदवार दोन मिनिटांत घसरले. एक गृहस्थ तर निवेदकाला थांबवून स्वतःच्याच पोटदुखीची हकीकत सांगू लागले. माझ्या प्रमाणपत्रावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला: 'मौन – उत्कृष्ट'. ते प्रमाणपत्र मी कपाटात कपड्यांखाली ठेवले आहे. पूर्वी मी ते अधूनमधून काढून पाहत असे.

असो. शुक्रवारी सकाळी मी ग्रंथालयाच्या कार्यवाहांसमोर ध्वनिमुद्रण यंत्रासाठीचा अर्ज ठेवला. ग्रंथालयापाशी असे एकच यंत्र होते, आणि ते कोणी वापरू नये म्हणून कार्यवाह त्याची फार काळजी घेत.

"निवेदक कोण?" त्यांनी विचारले.

"आत्या."

"कोणाची?"

"माझी."

"सख्खी?"

"सख्खी."

कार्यवाहांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अडचण आहे. मुलाखतकार आणि निवेदक यांच्यात जवळचं नातं नसावं, असा नियम आहे. चुलत असती तर काहीतरी बघता आलं असतं."

आत्याने चुलत असण्याची तसदी घेतली नाही याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, कार्यकारी समितीने खास ठराव करून सूट दिली तर यंत्र मिळेल. समिती सोमवारी बसणार होती. सोमवारी पाचांपैकी चार सदस्य आले; त्यांतले एक पुस्तकनिवडीची बैठक समजून आले होते, तशी ती नाही हे कळताच ते उठून गेले, आणि चारांची गणसंख्या कोसळली. बैठक बुधवारवर गेली. बुधवारी मला दाराबाहेरच्या बाकावर बसवून आतमध्ये दीड तास चर्चा झाली. मग मला आत बोलावले.

"एवढी घाई कसली?" एका वयोवृद्ध सदस्यांनी विचारले. "शस्त्रक्रिया होऊ द्या, बरं वाटू द्या त्यांना, मग घ्या की मुलाखत आरामात."

मी मनात तीन वेळा वाक्य घडवले आणि म्हणालो, "शस्त्रक्रियेनंतर त्यांना बोलता येणार नाही."

"मग लिहून घ्या."

"लेखी आपल्या कक्षेत येत नाही," कार्यवाह म्हणाले.

"मग शस्त्रक्रियाच पुढं ढकलता नाही का येणार?" दुसऱ्यांनी विचारले, आणि मला सांगायला खेद वाटतो, की तीनचार सेकंद मी त्यावर गंभीरपणे विचार केला.

अखेर ठराव झाला. बारापैकी सहा दिवस तोवर सरले होते. रोज संध्याकाळी मी घरी येई, आणि आत्या दार उघडताना विचारी, "मिळालं का रे तुझं यंत्र?" रोज तिचा आवाज आदल्या दिवसापेक्षा एक पायरी खाली उतरलेला असे. मी 'उद्या' म्हणे. मग ती स्वयंपाकघरात जाई आणि मी तिच्या पाठीकडे पाहत उभा राहत असे. वाटे, आत्ताच विचारावे. पण संमतिपत्र झालेले नव्हते.

संमतिपत्र हे एक वेगळेच प्रकरण. त्यात पहिलेच वाक्य होते: 'मी माझा आवाज सदर ग्रंथालयास कायमस्वरूपी व विनाअट अर्पण करीत आहे.' ते मी आत्यापुढे ठेवले. तिने ते दोनदा वाचले आणि घशातल्या घशात हसली.

"दोन गिऱ्हाइकं आहेत म्हणायची माझ्या आवाजाला. कुठं सही करू? मंगळवारी डॉक्टर नेणारच आहेत, त्याआधी ग्रंथालयाला देऊन मोकळी होते."

सही झाली, पण खाली दोन साक्षीदार हवे होते, निवेदकाशी नाते नसलेले आणि त्याला किमान वीस वर्षे ओळखणारे. अशी माणसे आमच्या इमारतीत दोनच. एक समोरचे निवृत्त हेडक्लार्क, ज्यांना सारी इमारत पाठीमागे मुद्देकाका म्हणते, कारण ते दूधवाल्याशीसुद्धा मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन असे बोलतात. दुसऱ्या खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी.

मुद्देकाकांनी कागद ठेवून घेतला. "न वाचता सही करण्याचं पाप मी छत्तीस वर्षांत केलं नाही," ते म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी तो परत केला तेव्हा समासात लाल शाईने अकरा शेरे होते. 'कायमस्वरूपी' म्हणजे नेमका किती काळ ते स्पष्ट करावे. आवाजात खोकला समाविष्ट आहे काय, याचा खुलासा व्हावा. शेवटी लिहिले होते: साक्षीदार सही करणार असल्यास त्याने साक्ष प्रत्यक्ष ऐकलेली असणे न्याय्य होय.

"म्हणजे, काका?" मी विचारले.

"म्हणजे मुलाखतीला मी हजर राहणार."

"मग मीही येते," मावशी म्हणाल्या. त्या सही करायला वर आल्या होत्या आणि जाण्याची चिन्हे नव्हती. "आणि मुलाखत माझ्या खोलीत घ्या. सगळीकडं कापडं टांगलेली असतात, आवाज घुमत नाही. मशीन मी बंद ठेवीन. अगदीच निकड पडली तर हळू चालवीन."

मी मान हलवली, तेव्हा कुठे दोघांनी सह्या केल्या. मान हलवण्याची सवय कधीकधी घातक ठरते, ती अशी.

शुक्रवारी यंत्र हाती आले आणि त्याच दुपारी, कोणाला कळू न देता, मी आत्याला खुर्चीवर बसवून यंत्र सुरू केले. "माझं नाव," आत्याने सुरुवात केली, आणि वरच्या मजल्यावर सुताराने रंधा मारायला घेतला. मी त्याला विनंती करायला वर गेलो. तो एका दारावर इतका एकाग्र झाला होता, की त्याला हाक मारणे मला प्रशस्त वाटेना. मी उंबऱ्यात उभा राहिलो. पाच मिनिटांनी त्याने मला पाहिले.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "जरा हे टोक धरा. हलवू नका."

मी टोक धरले. चाळीस मिनिटे धरले. मी वाक्य जुळवीत होतो; पण वाक्य जुळले तोवर दार गुळगुळीत झाले होते, आणि सुताराने माझे आभार मानून 'तुमच्या हाताला स्थिरपणा आहे' असे प्रशस्तिपत्रही दिले. खाली आलो तर यंत्र चालूच होते. त्यात रंध्याचा आवाज अतिशय सुस्पष्ट उमटला होता. आत्या खुर्चीवरच डुलकी घेत होती.

शनिवारी साक्षीदार आले. मुद्देकाका घरून खुर्ची घेऊन आले होते, मावशी गुंड्या लावायचे एक काम घेऊन. खोली काही त्यांनी आम्हाला बदलायला लावली नाही, एवढाच त्यांचा उपकार. आत्याने घसा साफ केला.

"पूल पडला त्या दिवशी सकाळी—"

"मुद्दा क्रमांक एक," काका म्हणाले. "पूल सकाळी पडला नाही. सव्वाअकराला पडला."

"सव्वाअकरा म्हणजे सकाळच की हो," मावशी म्हणाल्या.

"कचेरीच्या भाषेत नाही. मुद्दा क्रमांक दोन, मी त्या वेळी स्वतः कचेरीच्या गच्चीवर होतो."

"गच्चीवर? कामाच्या वेळेत?"

"पाण्याच्या टाकीची पाहणी चालली होती!"

"पाहणी करायला हेडक्लार्क लागतो होय? काहीतरीच सांगता. त्या वर्षी तुमच्या कचेरीत मी पडदे शिवून दिलेत. गच्चीवर कोण कशाला जायचं ते सगळं ठाऊक आहे मला."

या मुद्द्यावर पाऊण तास वाद झाला. मुलाखतकाराने मध्ये बोलायचे नसते, म्हणून मी बोललो नाही. यंत्राच्या इवल्याशा लाल दिव्याकडे पाहत मान हलवत राहिलो. दोघांनाही मी आपल्याच बाजूचा वाटत होतो. त्या पाऊण तासाच्या ध्वनिमुद्रणात आत्याचे वाक्य पुढे फक्त एक सापडते: "साखर कोणाला कमी?"

रविवार उरला. सोमवारी तिला दवाखान्यात दाखल व्हायचे होते आणि यंत्रही सोमवारीच परत द्यायचे होते. सुताराला सुट्टी होती. दुपारी, इमारत जेवून आडवी झालेली असताना, मी दार लावून घेतले. आमच्या दाराची कडी ढिली आहे, बाहेरून कोणी जोर केला तर निघते. म्हणून मी खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसलो. त्या दिवशी इतिहासाच्या आणि मुद्देकाकांच्या मध्ये फक्त माझी पाठ उभी होती.

आत्याने मात्र स्वतःची खुर्ची उचलली, खोलीच्या पलीकडच्या टोकाला नेली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"असं काय?" मी विचारले. यंत्र अजून सुरू व्हायचे होते, त्यामुळे बोलण्याची मुभा होती.

"माणसाच्या तोंडाकडं बघून मला नाही रे असलं काही सांगता येत. एकतीस वर्षं समोर नुसता बोर्ड असायचा. भिंत असली की बरं पडतं."

यंत्र मी तिच्या हनुवटीजवळ स्टुलावर ठेवले, कळ दाबली आणि पुन्हा दाराशी येऊन बसलो. खिडकीतून आलेले ऊन तिच्या मानेवर, केसांच्या विरळ अंबाड्याखाली पडले होते. तिचा आवाज आता आवाज राहिला नव्हता. फरशीवरून एखादे जड कापड ओढत न्यावे तशी ती एक सळसळ होती. बारा फुटांवरून मला अर्धे शब्दही कळत नव्हते. पण मला त्याची चिंता वाटली नाही. ऐकायला यंत्र होते. मी तिच्या पाठीकडे पाहत मान हलवीत होतो, एका संथ, समजूतदार लयीत. दोनदा बाहेरून टकटक झाली. दोन्ही वेळा मी पाय फरशीला रोवले, श्वास रोखला आणि मान हलवणे थांबू दिले नाही. असे आदर्श मुलाखतीचे दृश्य क्वचितच कोणी पाहिले असेल. आणि खरोखरच ते कोणी पाहिले नाही.

काही वेळाने सळसळ थांबली. आत्या तशीच बसून राहिली. मग उठली आणि म्हणाली, "चहा गार झाला तुझा."

मी आधी यंत्र बंद केले. मग विचारले, "सांगून झालं?"

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात काहीतरी होते; पण माणसांच्या नजरांचे कार्ड मला कधी लिहिता आलेले नाही.

"झालं," ती म्हणाली. "कंटाळला असशील."

"छे! सगळं आलंय यात," मी म्हणालो आणि यंत्रावर थाप मारली. एखाद्या गुणी घोड्याच्या मानेवर मारावी तशी.

ग्रंथालयाचा नियम असा, की प्रत तयार होण्यापूर्वी मूळ ध्वनिमुद्रण वाजवू नये. मी तो पाळला. नियम पाळणे हा माझा भित्रेपणा आहे की भित्रेपणा हाच माझा नियम, हे मी अजून ठरवू शकलो नाही. सोमवारी सकाळी यंत्र परत दिले, पावती घेतली आणि आत्याला दवाखान्यात नेले. तिथे परिचारिकेने पहिल्याच वाक्याला तिला थांबवले: "आजी, आता घशाला विश्रांती." त्यामुळे आत्या शेवटचे काय बोलली, असे कोणी विचारले तर ते वाक्य आहे, "चप्पल कॉटखाली सरकव." मंगळवारी डॉक्टरांनी आपला शब्द तंतोतंत पाळला.

प्रत तयार व्हायला तीन आठवडे लागले. मध्यंतरी आत्या घरी आली. तिच्या गळ्यात दोरीने एक लहान वही आणि पेन्सिल अडकवलेली असे. मुद्देकाका रोज येऊन बसत. आता मध्ये कोणी बोलत नसल्यामुळे त्यांचे मुद्दे पंधरापर्यंत जात. मावशींनी तिच्या गळ्यापुरते मऊ कापडाचे सहा रुमाल शिवून दिले आणि पहिल्यांदाच, काही न बोलता निघून गेल्या.

मग एका दुपारी, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मी लेखी उतारा करायला बसलो. उताऱ्याच्या छापील तक्त्यात पाच रकाने असतात: वेळ, वक्ता, मजकूर, विराम किती सेकंद, आणि विराम कोणाचा.

हेडफोनमध्ये आत्या माझ्या कानाशी बसली. प्रत्येक शब्द स्वच्छ. तिने आधी नाव सांगितले, मग म्हणाली, सव्वाअकराच झाले होते, त्या माणसाचं बरोबर आहे, पण त्याला सांगू नकोस. मी एकटाच हसलो. मग तिने सांगितले, की पूल पडल्याचे त्यांना कोणी सांगितले नाही. बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागले, तेव्हा कळले. सगळे गाव एकाच क्षणी एकमेकांना हाका मारीत होते आणि त्या सगळ्या हाका तेरा बायकांच्या हातांतून जात होत्या. दहा मिनिटे ती हे सांगत राहिली. मग तिचा सूर बदलला.

"दुपारी एक माणूस लाइनवर आला. पलीकडच्या काठावरच्या शाळेचा नंबर मागत होता. त्याची मुलगी त्या शाळेत. मी म्हटलं, लागत नाही. लागत होता. दिवा दिसत होता मला. मी जोडला नाही. आता का नाही जोडला, ते सांगते."

सहा सेकंद.

"आहेस ना?"

पाच सेकंद.

"ऐकतोयस ना रे?"

नऊ सेकंद. दूरवर, अगदी पुसट, कोणीतरी दारावर टकटक केली.

"बरं," आत्या म्हणाली. पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि चहाचे वाक्य.

मी ते सात वेळा ऐकले. मग घरी गेलो. आत्या खिडकीशी मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि या वेळी वाक्य न घडवताच बोललो. "आत्या, तू थांबलीस का?"

तिने हात पुसले, वही उघडली आणि सावकाश लिहिले: 'पलीकडून आवाज आला नाही. दोनदा विचारायचं, मग लाइन सोडायची, अशी आमची शिस्त. दुसरे लोक थांबलेले असतात.'

"मी होतो ना तिथं! मी मान हलवत होतो."

तिने पेन्सिल पुन्हा उचलली. मग लिहिले: 'मला पाठीला डोळे नाहीत रे.' आणि तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती. मी हसण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

"लिहून दे," मी म्हणालो. "तेवढंच. का नाही जोडलास, ते."

तिने नवे पान काढले. पेन्सिल टेकवली. 'त्या माणसाचा आवाज' एवढे लिहिले आणि थांबली. ते खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. शेवटी तिने पान माझ्याकडे फिरवले: 'लिहून नाही कळायचं. तो कसा बोलत होता, ते तुला करून दाखवायचं होतं. ते ऐकलं असतंस तर पुढं काही सांगावंच लागलं नसतं.'

आणि ती पुन्हा मटार सोलायला लागली. मी खाली बसलो आणि तिच्याबरोबर सोलू लागलो.

दुसऱ्या दिवशी मी उतारा पुरा करून कार्यवाहांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बोट लावून वाचला. आशयापाशी ते कुठे थांबले नाहीत. शेवटच्या रकान्यापाशी थांबले.

"इथं चूक आहे," ते म्हणाले. "हे शेवटचे तीन विराम. विराम नेहमी निवेदकाचा असतो. तुम्ही तिन्ही ठिकाणी 'मुलाखतकार' लिहिलंय. मुलाखतकार बोलतच नाही, तर त्याला विराम कुठून येणार? दुरुस्त करून द्या." आणि त्यांनी पेन पुढे केले.

मी पेन घेतले नाही. "नाही," मी म्हणालो. "ते माझेच आहेत. तसेच राहतील."

बाहेर वाचनकक्षात वर्तमानपत्रांवरून चारसहा माना वर झाल्या. कार्यवाहांनी दचकून पेन मागे घेतले. माझा आवाज एवढा लांब पोहोचतो, हे तोवर मलाही ठाऊक नव्हते.